टॅन्सीच्या नाटकाची परवानगी

देवासला एबी रोडच्या, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याच्या, कडेने कारखाने उभे राहिले, तशी त्यांच्यामागे पुण्या-सांगलीकडची मराठी कुटुंबं आली आणि कारखान्यांच्या मागच्या कॉलनीत स्थिरावली. जमुनाबाई त्यांतल्या नव्हत्या. त्या धारच्या. पवारांच्या फौजेबरोबर त्यांचे पूर्वज माळव्यात उतरले ते इथलेच होऊन गेले. त्यांचे वडील नारायणराव धारला नाटकातल्या नटांची तोंडं रंगवायचे आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बळवंतरावांशी लग्न करून जमुनाबाई देवासला आल्या. बळवंतराव एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. बाईंना मूलबाळ झालं नाही, पण सगळी कॉलनी त्यांना माई म्हणू लागली. माईंनीही ते इतकं मनावर घेतलं, की कॉलनीतल्या कुठल्याही पोराचं नाक वाहत असलं तर ते पुसायचा आपला हक्कच आहे असं त्या धरून चालत.

कॉलनीच्या गणपतीत मुलांचं मराठी नाटक बसवणं हे माईंचं काम. पडदे त्या शिवायच्या, मिशा त्या चिकटवायच्या, आणि विंगेत पुस्तक घेऊन बळवंतराव उभे राहायचे. आता नाटकाचं पुस्तक उघडलं, की पहिल्या पानामागे बारीक अक्षरांत एक सूचना असते: प्रयोग करण्यापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घ्यावी आणि मानधन पाठवावं. ही सूचना महाराष्ट्रात किती जण मनावर घेतात देव जाणे. माळव्यात ती मनावर घेणाऱ्या एकट्या माई होत्या. जून महिना लागला की त्यांचं पत्र लेखकाकडे जायचं, पाठोपाठ मनीऑर्डर जायची, आणि 'अवश्य करा' असं उत्तर आल्याशिवाय तालमीची घंटा वाजायची नाही. नारायणरावांच्या घरात ही शिस्त होती. ज्याचं आहे त्याला विचारायचं, आणि विचारताना हात रिकामा ठेवायचा नाही.

या शिस्तीपायी १९९४ साली माईंनी एक पराक्रम केला. तालमी झाल्या, दिवस उजाडला, मांडवात खुर्च्या भरल्या, आणि लेखकाचं उत्तर काही आलं नाही. पोस्टमन रिकाम्या हाताने गेला तसा माईंनी पडदा उघडू दिला नाही. मंडळाचे सेक्रेटरी भैयासाहेब तेव्हा तरुण होते. त्यांनी हात जोडले, पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले. माई ढिम्म. शेवटी मध्यंतरासाठी केलेले बटाटेवडे सुरुवातीलाच वाटून लोकांना घरी पाठवावं लागलं. विसर्जनानंतर दोन दिवसांनी पत्र आलं: 'मुलांनी जरूर करावे, आनंद वाटेल.' ते पत्र माईंनी घरोघरी नेऊन दाखवलं. "बघा, किती सज्जन माणूस! उत्तर दिलं की नाही!" भैयासाहेबांनी कपाळाला हात लावला, आणि पुढची बारा वर्षं ते बटाटेवडे ते विसरले नाहीत.

पण काळ काही माईंच्या शिस्तीने चालत नव्हता. मुलं शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आणि घरी आई मराठीत ओरडली तर उत्तर हिंदीत. २००४ सालचं नाटक अगदीच पडलं. मराठी संवाद मुलांच्या तोंडात खड्यांसारखे वाजत होते. शेजारच्या सुभाषची मुलगी शिवानी राणी झाली होती. ती पहिल्याच प्रवेशात अडकली आणि विंगेतून बळवंतराव इतक्या मोठ्याने वाक्य सांगू लागले, की शेवटच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "भिया, राणीपेक्षा तुम्हीच बाहेर या!" मांडव हसला. शिवानी रडत घरी गेली. पुढच्या वर्षी तालमीला एकही मूल फिरकलं नाही.

भैयासाहेब आता अध्यक्ष झाले होते. ते स्वतः घरी आले आणि फार सांभाळून म्हणाले, "माई, राग मानू नका. मुलांना मराठी जमत नाहीये. मुलांचा दिवस आपण डान्सला देऊ. सगळे खुश."

डान्सच्या दिवशी संध्याकाळी मांडवातून हिंदी गाणी ऐकू येत होती आणि माईंनी खिडकी लावून घेतली. बळवंतरावांना त्या एवढंच म्हणाल्या, "या पोरांच्या तोंडून मराठी गेलं ना, तर पुढे कोणाच्या तोंडून येणार आहे हो?" एरवी बळवंतराव माईंना एका वाक्यात दोनदा चिडवायचे. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने चहा केला.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा माई सुभाषच्या घरी आमरसाचा डबा द्यायला गेल्या. सुभाषने थोरल्या अंकुरच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेतला होता. अंकुर इंदूरला कॉलेजात, म्हणून दिवसभर तो शिवानीच्या ताब्यात. त्या दुपारीही ती आणि तिच्या दोन मैत्रिणी पडद्याला नाक लावून बसल्या होत्या. पडद्यावर एक नदी होती, नदीत नाव, आणि नावेत लाल फेट्यासारखं काहीतरी बांधलेली एक मुलगी.

"ही कोण गं पोरगी?" माईंनी विचारलं.

"माई, ये टॅन्सी. नाववाली. नदीला पूर येणार आहे ना, तर सबको उस पार लेके जाना है. पर ये लोग बैठतेच नहीं!"

"का बसत नाहीत?"

शिवानीने मान वळवली. एवढं साधं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मोठी माणसं विचारायची ते 'बंद कधी करणार?' एवढंच. ती सांगू लागली. गावातल्या प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं. घड्याळवाल्याला त्याचं मोठं घड्याळ सोडवत नाही, भटारखान्यातली बाई भट्टी विझवायला तयार नाही, आणि काठावर एक म्हातारी आहे, तिची घंटा हरवली आहे. ज्याचं त्याचं समजून घेतल्याशिवाय नाव हलत नाही.

"मग म्हातारीला घंटा कशाला हवी?"

"पहिले ती गावाला उठवायची ना, घंटी वाजवून."

"आणि आता?"

"आता... आता तिला वाटतं की घंटी नाही, तर माझं काम नाही. मग मी कशाला येऊ?"

माई खाटेवर टेकल्या त्या दिवेलागणीलाच उठल्या. आमरस कोमट झाला. त्या विचारत होत्या मराठीत, आणि सांगायच्या घाईत पोरी उत्तरं देत होत्या तीही मराठीत. मोडकं होतं, हिंदीची ठिगळं लावलेलं होतं, पण कोणी विंगेतून सांगत नव्हतं. घरी येताना माईंना रस्ता दिसत नव्हता. दारातूनच त्यांनी हाक मारली, "अहो, ऐकलंत का? नाटक सापडलं!"

'रिव्हर टॅन्सी' असं कॉम्प्युटरवरच्या त्या खेळाचं नाव होतं आणि तो कॅनडातल्या एका लहानशा कंपनीने केला होता. माईंनी त्याचं नाटक लिहायला घेतलं. आयुष्यात त्यांनी पत्रांपलीकडे काही लिहिलं नव्हतं, पण पोरी रोज दुपारी येऊन बसत आणि चुकलं की ताबडतोब सांगत, "माई, टॅन्सी अशी नाही बोलत. ती चिडत नाही कधी." माईंनी नदी नर्मदा केली, काठ नेमावर गावचा केला. घड्याळवाल्याच्या जागी बदनावरचा शेतकरी आला, सोयाबीनचं पोतं न सोडणारा, आणि त्याची सगळी वाक्यं माळवीत ठेवली, कारण ती म्हणायला मुलांमध्ये मारामारी होती. भट्टीवालीचा हलवाई झाला. म्हातारी आणि तिची घंटा मात्र होती तशीच राहिली. तालमीला पंधरावीस मुलं येऊ लागली. ज्यांना काम नव्हतं ती पाणी होऊन निळ्या चादरी हलवायला आली.

आणि मग माईंना सूचना आठवली. त्यांनी सुट्टीवर आलेल्या अंकुरला बोलावून घेतलं. "लेखक कोण याचा?"

"माई, एक नाहीये. कंपनी आहे."

"मग कंपनीला पत्र घाल. परवानगी पाहिजे."

अंकुर हसला. "माई, तिथे विचारावं लागतच नाही. त्यांच्या वेबसाइटवर चाहत्यांसाठी नियम लिहून ठेवले आहेत. काय करायचं, काय नाही करायचं. त्यात बसतं तर करून टाका."

"विचारू नका असं कुठला लेखक सांगतो रे? काहीतरीच! तू लिही."

माई सांगत गेल्या आणि अंकुर इंग्रजीत टाइप करत गेला. तो मधेच "माई, हे नको लिहूया" म्हणाला, पण माईंनी डोळे वटारले. आम्ही देवासच्या मंडळातर्फे आपल्या खेळाचा नाट्यप्रयोग करत आहोत. प्रयोगाला देणगी प्रवेशिका ठेवलेल्या आहेत. जाहिरातीत लेखक म्हणून आपलं नाव मोठ्या अक्षरांत येईल. आपलं मानधन काय ते कळवावं आणि ड्राफ्ट कोणत्या पत्त्यावर पाठवावा तेही कळवावं. जे जे द्यायचं ते सगळं माईंनी देऊ केलं. इतकी सालस चूक जगात दुसऱ्या कोणी केली नसेल.

इकडे भैयासाहेबांनाही हुरूप आला होता. प्रेस त्यांच्या मेहुण्याची. त्यांनी प्रवेशिका छापल्या, त्यांवर खेळाच्या डब्यावरचं टॅन्सीचं चित्र जसंच्या तसं घेतलं आणि खाली कंपनीचं नाव टाकलं, 'यांच्या सौजन्याने'. आपल्याकडे मांडवाला पाण्याची टाकी देणाऱ्याचंसुद्धा नाव सौजन्यात जातं, मग अख्खी गोष्ट देणाऱ्याचं नको? प्रवेशिका हातोहात खपल्या.

आठवड्याने उत्तर आलं. अंकुरने ते आधी स्वतःशी वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वाच," माई म्हणाल्या.

उत्तर अदबीचं होतं. आपल्या पत्राने आनंद झाला. परंतु आपण प्रवेशासाठी पैसे घेणार आहात, आम्हाला लेखक म्हणून जाहीर करणार आहात आणि आम्हाला मोबदलाही देऊ इच्छिता. हा चाहत्यांनी हौसेने केलेला प्रयोग न राहता व्यवसाय होतो, आणि त्यासाठी करार लागतो. असे करार आम्ही सध्या करत नाही. तेव्हा या स्वरूपात प्रयोग करू नये ही विनंती.

माईंनी ऐकून घेतलं. पदर सारखा केला. "झालं," त्या म्हणाल्या. "नको म्हणाले. नाटक बंद."

भैयासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो माई, कॅनडाहून कोण येतंय देवासला बघायला? त्यांना इथली देवीची टेकडी कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का?"

"न का येईना. मला ठाऊक आहे ना."

मुलं दाराशी उभी होती. शिवानीचे डोळे भरले होते. दोन वर्षांपूर्वी मांडवातून पळताना होते तसेच. ते माईंनी पाहिलं. पण त्या उठून आत गेल्या. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

बळवंतराव तसे कशाच्या मधे पडायचे नाहीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी अंकुरला बसवून घेतलं आणि म्हणाले, "तू ते नियम म्हणत होतास ना, ते वाच. मराठीत सांग. हळू सांग, आमच्या बाईसाहेबांना ऐकू जाईल असं." माई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

अंकुर एकेक ओळ मराठीत करून सांगू लागला. आमचा खेळ तुम्हाला आवडला याचा आम्हाला आनंद आहे. त्यावरून चित्र काढा, गोष्ट लिहा, बाहुल्या करा, नाटक करा. आम्हाला विचारायची गरज नाही. मात्र जे कराल ते स्वतःच्या हाताने करा, आमची चित्रं आणि आमचं संगीत उचलू नका. त्यावर पैसे घेऊ नका. आमचं नाव आणि आमची खूण अशी लावू नका, की बघणाऱ्याला ते आमचंच वाटावं. आणि हे आम्ही केलेलं नाही, असं लोकांना स्पष्ट सांगा.

"संपलं?" आतून आवाज आला.

"संपलं, माई."

माई हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "म्हणजे पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, नावही लावायचं नाही. मग आपण त्यांना द्यायचं तरी काय?"

"काहीच नाही," अंकुर म्हणाला.

"फुकट? कोणाचं एवढं घ्यायचं आणि फुकट?" माईंचा आवाज चढला. नाटक बंद झाल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या वर आता हा अपमान वाटत होता. हात पुढे करून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

बळवंतराव म्हणाले, "जमुना, एक विचारू? इतकी वर्षं या पोरांची नाटकं बसवलीस. कोणाकडून काय घेतलंस?"

"काहीतरीच काय बोलता! ती माझीच पोरं आहेत."

"मग तिकडेही कोणी बसलं असेल असंच."

पोळी तव्यावर करपल्याचा वास आला तेव्हा माई आत गेल्या. तिकडे कोणी बसलं असेल, हे त्यांच्या मनातून जाईना. कॅनडात, बर्फात, कोणीतरी एका पोरीला नाव दिली, काठावर एक म्हातारी बसवली, आणि मग जगातल्या न पाहिलेल्या पोरांना सांगून ठेवलं की घ्या, खेळा, तुमचं करा, फक्त विकू नका आणि माझं आहे म्हणून सांगू नका. हे कळत गेलं तसतसा त्यांचा राग वितळत गेला आणि शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यभर त्यांनी परवानगी मागून घेतली होती. ही कोणीतरी आधीच देऊन ठेवली होती.

तरी सवय सुटता सुटत नाही. सकाळी त्यांनी अंकुरकडून दुसरं पत्र लिहून घेतलं: आम्ही प्रवेशिका रद्द करत आहोत, चित्रं आमची आम्ही काढू, आपलं नाव जाहिरातीत नसेल, मानधनाचा आग्रह मागे घेते, आता चालेल ना? पत्र गेलं आणि उत्तराची वाट सुरू झाली. गणपती बसले तरी उत्तर नाही. "त्यांना हजारो येतात, माई," अंकुर म्हणाला.

तोवर बाकीची कामं थांबवून चालणार नव्हतं. प्रवेशिका परत घ्यायच्या म्हटल्यावर भैयासाहेब उसळले. मांडव, जनरेटर, सगळं त्याच भरवशावर होतं. पण माई पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा चरफडत तेही मागून गेले. घरोघरी लोक म्हणत, "राहू द्या हो माई, मंडळालाच दिलेत." माई ऐकायला तयार नाहीत. "मंडळाला द्यायचेत तर आरतीच्या ताटात टाका. नाटकासाठी नकोत!" शेवटी जनरेटरवाल्या मानाजीला सगळी हकिगत सांगावी लागली. त्याला कंपनीचं काही कळलं नाही, पण माई पहिल्यांदाच कोणाकडे काहीतरी फुकट मागत आहेत एवढं कळलं. "ले जाओ माई," तो म्हणाला, आणि माईंनी ते घेतलं. 'बरं' म्हणायला त्यांना क्षणभर वेळ लागला, पण म्हणाल्या.

नाटकाचं नाव त्यांनी 'नावाडीण' ठेवलं. जाहिरातीत टॅन्सीच्या चित्राऐवजी शिवानीने स्वतः एक मुलगी काढली. तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला होता. कोणी तो दुरुस्त केला नाही.

प्रयोगाच्या दिवशीही उत्तर आलं नव्हतं. दुपारपासून अंकुर दोनदा कॉम्प्युटर बघून आला. भैयासाहेब विंगेत येऊन उभे राहिले. या वेळी ते चिडवत नव्हते, खरंच घाबरले होते. "माई, बटाटेवडे आधीच वाटायला सांगू का?"

माईंनी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. तिकीट नाही म्हटल्यावर सगळा भागच लोटला होता. कारखान्याच्या फाटकावरचे चौकीदार, भाजीवाल्या, चहाच्या टपरीवाला, हिंदी-माळवी बोलणारी शेजारची अख्खी गल्ली. खुर्च्या संपून लोक सतरंजीवर, सतरंजी संपून मातीत बसले होते. एवढी गर्दी माईंनी मराठी नाटकाला कधी पाहिली नव्हती.

"नको," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना दिलेलं आहे त्यांनी. मी काय सगळ्यांच्या बाहेरची आहे का? घंटा द्या."

पडद्यासमोर शिवानी आली. हातात माईंनी लिहून दिलेला कागद. ती अडखळत, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी वाचत गेली. "हे नाटक एका खेळावरून सुचलं आहे. तो खेळ ज्यांनी केला, त्यांनी हे नाटक केलेलं नाही, पाहिलेलं नाही. यातल्या चुका आमच्या आहेत. पण त्यांनी तो खेळ केला नसता तर आज आम्ही इथे उभे नसतो. म्हणून आम्ही त्यांचे आभार मानतो." शेवटचं वाक्य नियमांत नव्हतं. ते माईंनी घातलं होतं, आणि त्याला कोणाची हरकत असेल असं त्यांना वाटलं नाही.

बदनावरच्या शेतकऱ्याने पोत्यासह नावेत चढायचा हट्ट धरला तेव्हा मांडव हसून लोळला. हलवाई कढईत बसून पलीकडे गेला. शेवटी काठावर म्हातारी उरली आणि पाणी चढू लागलं, म्हणजे चादरी हलवणारी पोरं उभी राहिली. इथे टॅन्सीचं मोठं वाक्य होतं, आणि टॅन्सी शिवानीच होती. तिने तोंड उघडलं आणि ती थांबली.

विंगेत बळवंतरावांनी पुस्तकावर बोट ठेवून वाक्याचा पहिला शब्द हळूच सांगितला. शिवानीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हातारीकडेच बघत होती, आणि एकदम नावेतून खाली उतरली.

"आजी, चला ना हो! घंटी नाही तर नाही. मी दुसरी आणून देईन. पर आजी दुसरी कुठून आणू मी?"

हे वाक्य माईंनी लिहिलं नव्हतं. ते खेळातही नव्हतं. भाजीवाल्यांच्या बाजूने जी टाळी सुरू झाली ती थांबेना. बळवंतरावांनी पुस्तक मिटलं. माई पदराने डोळे पुसत होत्या आणि पुसूनही काही उपयोग होत नव्हता. या मुलांच्या तोंडून मराठी जाईल म्हणून त्यांनी रात्रंदिवस धसका घेतला होता, आणि आज ते एका पोरीच्या तोंडून आपणहून आलं होतं, हिंदीचा एक शब्द कडेवर घेऊन. कॅनडातल्या त्या अनोळखी माणसांना त्यांनी तिथेच विंगेत हात जोडले.

विसर्जन झालं, मांडव उतरला. कंपनीचं उत्तर आलंच नाही, आणि माईंनी त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. नवरात्राच्या आधी एका दुपारी शिवानी आली. बरोबर पलीकडच्या कॉलनीतली सहा-सात मुलं होती, माईंनी कधी न पाहिलेली. सगळी दारातच घुटमळत उभी राहिली.

"काय गं? आत या की."

"माई, यांना 'नावाडीण' करायचं आहे. त्यांच्या कॉलनीत, कोजागिरीला." शिवानी अडली. "पर थोडं बदलायचं आहे. त्यांनी एक नवीन माणूस टाकला आहे नावेत. टेलर आहे. त्याची मशीन जड आहे. तर... तुमची परवानगी पाहिजे."

"माझी?"

"तुम्ही लिहिलं ना. अंकुरदादा म्हणाला, ज्याचं आहे त्याला विचारा."

माईंना आजवर कोणी असं विचारलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यांच्याजवळ कधी काही नव्हतंच. समोर अनोळखी पोरं उभी होती. त्यांनी माईंची नाव घेतली होती, तिच्यात आपला एक शिंपी बसवला होता, आणि आता माई नाही म्हणतील की काय या भीतीने त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मशीन जड आहे म्हणून न हलणारा शिंपी. तो आपल्याला का सुचला नाही, असं वाटून माईंना हसू आलं. परवानगी देणाऱ्या माणसाला किती आनंद होत असेल हे इतक्या वर्षांत त्यांना कधी कळलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, ती मागणाऱ्याचीच गोष्ट असते.

"करा," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही करा. आणि माझं नाव लावू नका, शिंपी तुमचा आहे."

मुलांनी जिना उतरताना एकच कल्ला केला. माई कठड्यावर वाकून ओरडल्या, "अगं शिवानी! मला बोलवाल ना? मी येईन हं. पुढे जागा ठेवा माझ्यासाठी."

शिवानी खालून वर बघत म्हणाली, "माई, तिकीट नाहीये. तुम्ही कुठेही बसा."